आतड्यातल्या पेशींवर पीएचडी सुरू करताना

आतड्यातल्या रोगप्रतिकारक पेशी हा विषय घेतलास, मनापासून आनंद झाला. पण लगेच मोठ्या प्रयोगाच्या मागे लागू नकोस. आधी आतड्यातून जिवंत पेशी काढायला हात बसू दे. उंदराच्या लहान आतड्यावरची चरबी आणि पायर्स पॅचेस, म्हणजे आतड्याच्या भिंतीतल्या रोगप्रतिकारक पेशींच्या गाठी, नीट काढ, नाहीतर तिथल्या बी पेशी सगळं चित्र बिघडवतात. ईडीटीए या रसायनाने अस्तराचा वरचा थर सुटला की मगच कोलॅजिनेज, म्हणजे ऊती सैल करणारं एन्झाइम, घाल. त्यात जास्त वेळ राहिल्या तर पेशी मरतात. मेलेल्या पेशी ओळखणारा रंग कधीच वगळू नकोस.

आणि उंदीर कुठून आणले ते वहीत लिहीच. २००९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या डॅन लिटमन यांच्या गटाने दाखवलं, की टॅकॉनिक या उंदीर पुरवणाऱ्या कंपनीकडच्या उंदरांच्या आतड्यात टीएच-१७ या प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी भरपूर, जॅक्सन या दुसऱ्या पुरवठादाराकडच्यांत अगदी कमी. हा फरक पाडणारा होता एक धाग्यासारखा जीवाणू! मला आजही हा शोध थक्क करतो. म्हणून जनुक बदललेले आणि साधे उंदीर एकाच वेतातले घे. एका पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, जीवाणूही वाटून घेतात. तेव्हा कोण कुणाबरोबर राहणार, हे प्रयोग मांडण्याआधीच गाईडशी बोलून ठरव.