सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या संस्था नक्की काय करतात? मुलाला तिथे ठेवून घेतात का?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचा मुलगा अडीच वर्षांचा आहे, अजून मान धरत नाही, डॉक्टरांनी सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर होणारा परिणाम) सांगितलंय, त्याला दिसतंही कमी, आणि नातेवाईक म्हणतायत की एखाद्या संस्थेत ठेवून द्या. माझी धाकटी बहीण सीपी आणि बहुविकलांग आहे, आता ती पंचविशीत आहे, म्हणून मला जे माहितीये ते सांगतो.

बहुतेक चांगल्या संस्था इतक्या लहान मुलाला ठेवून घेत नाहीत आणि तुम्हीही तसं शोधू नका. तिथे दिवसाची शाळा असते, फिजिओ, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे बसणं, खाणं अशी रोजची कामं जमवून देणारी), स्पीच थेरपी असते, पण सगळ्यात मोठं काम म्हणजे घरच्यांना शिकवणं. कारण सीपीत मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही (हे ताईंना नक्की सांगा, खूप आईवडील त्याच भीतीत असतात), पण मूल वाढतं तसे स्नायू आखडत जातात, खुबा सरकू शकतो, म्हणून त्याला रोज कसं बसवतो, कसं उचलतो, कसं भरवतो यावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं. थेरपिस्टकडे मूल आठवड्यातून थोडाच वेळ असतं, बाकी सगळा वेळ घरीच ना.

भरवण्याचंच सांगतो. आमच्याकडे आई बहिणीला मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून भरवायची, आमच्या घरात सगळी बाळं तशीच वाढलीत. पण हिला दर घासाला ठसका लागायचा, आणि अन्न श्वासनलिकेत गेलं की छातीत कफ, ताप, मग ॲडमिट, हे चक्र चालूच. संस्थेतल्या ओटी मॅडमनी आधी काहीच सांगितलं नाही, फक्त म्हणाल्या, तुम्ही रोज भरवता तसं भरवून दाखवा. मग तिला कॉर्नर चेअरमध्ये, म्हणजे कोपऱ्यासारखी पाठ असलेल्या खुर्चीत, बसवलं, पाठ सरळ, पावलं खाली टेकलेली, समोर ट्रे, मान अगदी किंचित पुढे, आणि चमचा वरून न आणता समोरून, जिभेवर हलकासा दाब देऊन बाहेर. वरणभात पातळ नको, घट्टसर कालवलेला. आई पहिल्यांदा एवढं निवांत भरवू शकली. आमच्या सुताराने तशीच खुर्ची घरी प्लायमध्ये करून दिली, ती आम्ही कित्येक वर्षं वापरली.

दुसरी गोष्ट बोलण्याची. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं लोक धरून चालतात, आणि हे मला आजही सहन होत नाही. माझ्या बहिणीला शब्द येत नाहीत, पण ती वर बघते म्हणजे हो आणि मान बाजूला वळवते म्हणजे नको, हे तिच्या टीचरनी ओळखलं आणि पक्कं करून घेतलं. नंतर मोठी, ठळक रंगांची चित्रं काळ्या बोर्डावर लावून दिली, नजर कमी असल्यामुळे एका वेळी दोनच. चहाचं चित्र ओळखायला लागल्यावर ती दूध प्यायची बंद झाली, घरात सगळ्यांना इतका आनंद झाला की कोणी रागावलंच नाही.

या कामाची आपल्याकडची सुरुवात तुमच्या ताईंना सांगण्यासारखी आहे. मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनी चिब यांना, सीपी आहे. डॉक्टरांनी आशा सोडा असं सांगितलं होतं, इंग्लंडमध्ये तिला नीट शिक्षण मिळालं, पण भारतात परत आल्यावर अशा मुलांसाठी शाळाच नव्हती. मग 1972 मध्ये अलूरबाईंनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, कुलाब्यात शाळा काढली, नर्गिस दत्त त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. पुढे कोलकाता, दिल्ली, बंगळुरू, चेन्नईतही अशा संस्था उभ्या राहिल्या. मुंबईच्या संस्थेचं आताचं नाव अडॅप्ट. मालिनी यांनी एका बोटाने टाइप करत लंडनला जाऊन मास्टर्स केलं आणि मुंबईत पुस्तकांच्या मोठ्या दुकानात नोकरी केली. प्रत्येक मूल तिथपर्यंत जाईल असं मी म्हणत नाही, माझी बहीण गेली नाही, तिला एकापेक्षा जास्त अडचणी आहेत, पण ती काय करू शकेल हे आधीच कोणी ठरवून टाकायचा हक्क कोणालाच नाही.

जवळ कुठे सुरुवात करायची तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे लवकर निदान आणि उपचाराचं केंद्र, आहे का ते विचारा, तिथे तपासणी आणि थेरपी फुकट असते. खुब्याच्या एक्सरेबद्दलही तिथेच विचारून घ्या. संस्था बघायला जाल तेव्हा अचानक जा, शक्यतो जेवणाच्या वेळेला. मुलं बसलेली आहेत का दिवसभर चटईवर आडवी, भरवणारी व्यक्ती मुलाशी बोलतेय का, हे बघा. आईला थेरपीच्या वेळी बाहेर बसवत असतील तर ती जागा सोडा, कितीही भारी बिल्डिंग असली तरी. आणि स्टेम सेलने सीपी बरा करतो म्हणणाऱ्यांना लाखो रुपये देऊ नका, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) गाईडलाइन्समध्ये सीपीसाठी तो मान्य उपचार नाही. लोक त्यासाठी शेत विकतात, बघवत नाही.

कागदांचं थोडक्यात. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा, मग निरामय हा आरोग्य विमा, त्यात वर्षाला 1 लाखापर्यंत कव्हर आहे आणि थेरपीचा खर्चही धरतात. ही योजना नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची, तो 1999 च्या कायद्याने झाला, सीपी आणि बहुविकलांग दोन्ही त्यात येतात. मूल 18 चं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. तुम्हाला वेळ आहे, पण बँकेत अडल्यावर कळण्यापेक्षा आत्ताच माहिती असलेलं बरं. आईवडिलांच्या पश्चात काय, यासाठी समर्थ आणि घरौंदा या निवासी योजना याच ट्रस्टच्या आहेत, तो विचार नंतर करता येईल.

आज ताईंना फोन करून एवढंच विचारा की खाताना त्याला ठसका लागतो का, घशात घरघर होते का. होत असेल तर बाकी सगळं थांबवून आधी डॉक्टरांना आणि भरवण्याचं शिकवणाऱ्या थेरपिस्टला दाखवा. कुठल्या जिल्ह्यात आहात ते कमेंटमध्ये लिहा, तिकडचं कोणी ओळखीचं असेल तर विचारून सांगतो.