हिवाळ्यात थीम पार्कला गेलं तर राइडच्या रांगा कमी लागतात का? रांग टाळायचा पास घ्यावा का?

तुमच्या प्रश्नात रांगा आहेत, पास आहे, सात वर्षांचा मुलगा आहे, पारा शून्याच्या आसपास असेल हेही आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आहे: आईबाबा सोबत आहेत, ते राइडमध्ये बसणार नाहीत, बाकावर थांबतील. मी उत्तर लिहायला बसले ती या वाक्यामुळे. बाकीचं विचारलंत तेही सांगते. पण कडाक्याच्या थंडीत बाकावर थांबणं रांगेत उभं राहण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, आणि दिवसाची आखणी त्या बाकावरच्या माणसापासून सुरू करायची असते, हे आधी डोक्यात पक्कं करा.

गर्दीचं म्हणाल तर 'हिवाळा म्हणजे रिकामं पार्क' हे अर्धंच खरं. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा मोठ्या पार्कांमध्ये वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसांत मोडतो. शाळा पुन्हा सुरू झाल्या की जानेवारीतले मधले वार खरे मोकळे मिळतात. तुम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याची तिकिटं काढताय. तारीख बदलता येत असेल तर बदला. कुठल्याही पासने वाचणार नाही इतका वेळ त्यात वाचेल.

माणसं कमी म्हणून रांग कमी, हा हिशोबसुद्धा थंडीत फसतो. रांगेचं गणित सोपं आहे, जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकांनी ते १९६१ साली सिद्ध करून ठेवलंय: रांगेत जितकी माणसं, भागिले तासाला जितकी पुढे सरकतात, तितका तुमचा थांबण्याचा वेळ. समजा कोस्टरला, म्हणजे उंच रुळांवरून सुसाट पळणाऱ्या गाडीच्या राइडला, तुमच्यापुढे ६०० माणसं आहेत. रुळावर तीन गाड्या फिरतायत आणि तासाला १२०० जण बसतायत, तर अर्ध्या तासात तुमचा नंबर. त्याच रुळावर एकच गाडी असेल आणि तासाला ४०० जणच बसत असतील, तर तेवढ्याच रांगेला दीड तास. कमी गर्दीच्या मोसमात पार्कवाले एकेक गाडी काढून, सुटी करून तपासणीला घेतात. ते करायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण रांगेची लांबी बघून आत शिरू नका. बाहेर उभं राहून स्टेशनमधून एक गाडी सुटल्यावर दुसरी किती वेळाने सुटते ते घड्याळात बघा. पाटीवरच्या मिनिटांपेक्षा त्यातून जास्त कळतं.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगते, कारण तुमचा बेत हुबेहूब तोच आहे.

आम्ही असेच वर्षाअखेरीस गेलो होतो. दादा, वहिनी, भाचा, मी, माझी मुलगी आणि आई. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. आखणी सगळी दादाची. त्याचा नियम असा, आणि अजूनही तो तसाच आहे, की गेट उघडायच्या आधी पोचायचं, गेट उघडलं की सर्वांत मोठ्या कोस्टरकडे सुटायचं, तो उरकला की दिवस आपला. उन्हाळ्यात हा नियम चांगला चालतो, हे मी नाकारत नाही. त्या दिवशी मी गेटवरच म्हटलं होतं, "दादा, आधी आत कुठेतरी बसायच्या राइडला जाऊ, आईला जरा ऊब मिळेल." तो म्हणाला, "नंतर दोन तासांची रांग लागेल, मग तूच बोलशील."

कोस्टरपाशी पोचलो तर दोरी लावलेली. उघडायला उशीर आहे, चाचणी चालू आहे, एवढंच उत्तर. रिकाम्या गाड्या वरून फिरताना दिसत होत्या, त्यामुळे प्रत्येकाला वाटत होतं की आता सोडतील. मागे माणसं साठत गेली. जागा सोडायची कोणाची तयारी नाही, दादाची तर नाहीच. आईला आम्ही बाहेर पडायच्या दाराशी एका लोखंडी बाकावर बसवलं होतं. राइडमध्ये मफलर चालत नाही, सैल टोपी चालत नाही, पाठीवरची बॅग चालत नाही. म्हणून सगळ्यांचे मफलर, टोप्या, बॅगा, थर्मास, सगळं तिच्याभोवती रचून ठेवलं. शेवटी राइड सुरू झाली तीही एकाच गाडीने. आम्ही रांगेत हलत होतो, मुलं उड्या मारत होती, आजूबाजूला माणसांची दाटी होती. खरं सांगायचं तर आम्हाला फारशी थंडी वाजलीच नाही.

बाहेर आलो तेव्हा आईला कोटाची चेन लावता येत नव्हती. बोटं वळत नव्हती. थर्मास मांडीवर तसाच बंद. मी विचारलं, चहा का नाही घेतलास? म्हणाली, झाकण उघडेना. बाथरूमला जाऊन यायचं होतं तिला, पण एवढ्या बॅगा सोडून जायचं कसं? समोर दोनशे पावलांवर उबदार हॉल होता, तिथेही ती याच कारणासाठी गेली नाही. आणि आम्हाला पहिला प्रश्न काय, "मजा आली ना रे पोरांना?"

दादा आजही म्हणतो, निर्णय बरोबर होता, त्या दिवशी नशीब वाईट होतं. कुटुंबाच्या ग्रुपवर हा विषय निघाला की तो हेच लिहितो. मला हे मान्य नाही, आणि ते रागापोटी नाही. थंडीच्या सकाळी मोठा कोस्टर उशिरा उघडणं हा नशिबाचा भागच नव्हे. कोस्टरची गाडी एकदा उंचावरून सुटली की पुढचा बहुतेक रस्ता मिळालेल्या वेगावरच काढते. चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस थंडीने घट्ट होतं, चाकांवरचं पॉलियुरेथेनचं, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचं आवरण कडक होतं, घर्षणाचं गणित बदलतं. गाडी नेहमीपेक्षा मंद धावली तर एखाद्या टेकाडाच्या अलीकडेच वेग संपून ती दोन चढांच्या मधल्या खोलगट भागात अडकू शकते. तिथून माणसं उतरवणं हे मोठं काम. म्हणून ठरावीक तापमानाखाली अशा राइड चालवतच नाहीत, आणि त्याच्या जरा वर पारा असला तर आधी रिकाम्या गाड्या फिरवून चाकं आणि बेअरिंग गरम करून घेतात. वारा जोरात असेल तर उंच मनोरे आणि झोपाळे बंद राहतात. पाण्याच्या राइड तर कित्येक ठिकाणी हिवाळाभर कोरड्या करून ठेवतात. हे सगळं आदल्या रात्रीचा हवामानाचा अंदाज बघून ओळखता येतं. सकाळी पारा सर्वांत खाली असतो, दुपारी चढतो. मग उघड्यावरचा मोठा कोस्टर सकाळी पहिला धरायचा, हा हट्ट हिवाळ्यात कशासाठी?

म्हणून माझं सरळ मत: थंडीत क्रम उलटा करा. सकाळी छताखालच्या, बसून बघायच्या, होडीच्या किंवा सरकत्या गाडीच्या राइड. दुपारी ऊन असताना एखादा मोठा कोस्टर. अंधार पडायला लागला की पुन्हा आत.

आणि आतल्या राइड म्हणजे दुय्यम, लहान मुलांच्या, हा समज काढून टाका. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधली पायरेट्स ऑफ द कॅरिबियन १९६७ सालची, तिथलाच हॉन्टेड मॅन्शन १९६९ चा, आणि आजही लोक त्यांच्यासाठी रांगा लावतात. हॉन्टेड मॅन्शनमध्ये गाड्या न थांबता एकामागून एक सरकत असतात, माणसं चालत्या पट्ट्यावरून चढतात. त्यामुळे तासाला खूप जण आत जातात आणि लांब दिसणारी रांगसुद्धा भराभर पुढे जाते. उलट चार-सहा जणांची छोटी फिरती राइड, जिथे प्रत्येक फेरीला थांबून सीटचे पट्टे लावायचे आणि काढायचे, तिची आखूड रांग तासभर खाऊ शकते. सात वर्षांच्या मुलाला घेऊन तुम्ही नेमके अशाच राइडला जाणार, म्हणून हे लक्षात ठेवा.

आमच्या त्या दिवशी दुपारी मी कोणाला न विचारता आईला आणि दोन्ही मुलांना घेऊन एका होडीच्या राइडला गेले. आई होडीत बसली, मुलांना जवळ घेतलं, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "अजून एकदा जाऊ या का?" पुन्हा गेलो. तिच्यासाठी त्या पार्कमधलं लक्षात राहिलेलं तेवढंच.

बाकावर थांबणाऱ्यांबद्दल पार्क बांधणाऱ्यांनी विचार केलेला असतो, आपणच करत नाही. टोकियो डिस्नेलँड १९८३ साली उघडलं तेव्हा प्रवेशद्वारानंतरचा अख्खा बाजार काचेच्या छपराखाली घेतला. पॅरिसचं १९९२ चं डिस्नेचं पार्क बघा, मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाकलेल्या गल्ल्या केल्या आहेत, त्या हवेचा विचार करूनच. तुम्ही जाल तिथेही असा काहीतरी आडोसा असणारच. नकाशा उघडून आधी तो शोधा, राइड नंतर. शांत बसलेलं शरीर साधारण शंभर वॅट उष्णता तयार करतं, चालायला लागलं की ती दुपटीच्या वर जाते. लोखंडी किंवा दगडी बाक त्यातलीच ओढून घेतो, वारा उरलेली नेतो. उतारवयात शरीराला थंडीशी जुळवून घेणं तसंही जड जातं. तेव्हा त्यांना राइडच्या दाराशी बसवू नका. आत, उबेला बसवा, आपण चालत तिथवर जाऊ.

सामान लॉकरमध्ये ठेवा. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही, ठेवाच. आईबाबांना सामानाची राखण करायला आणलेलं नाही. आणि किती वेळ लागेल ते त्यांना सांगून जा, वाढला तर फोन करा. सेवा-व्यवसायांचे अभ्यासक डेव्हिड मेइस्टर यांनी १९८५ साली वाट बघण्याच्या मानसशास्त्रावर लिहिताना हे मांडलंय की किती वेळ थांबायचं हे माहीत नसलं की तोच वेळ जास्त लांबतो, आणि हाताला काही काम नसलं की आणखी लांबतो. रांगेतल्याला निदान पाटीवरचा आकडा दिसतो. बाकावरच्याला काहीच दिसत नाही. फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवायला सांगा, थंडीत बॅटरी भसाभस उतरते.

आता पास. पूर्वी डिस्नेच्या पार्कांत १९९९ पासून फास्टपास फुकट मिळायचा, वेळेची चिठ्ठी घ्यायची आणि त्या वेळी परत यायचं. २०२१ मध्ये तो गेला आणि पैसे मोजून घ्यायचे पास आले. दादाचा अशा पासला तत्त्वाचा विरोध आहे, पैसे देऊन दुसऱ्याच्या पुढे जायचं नाही. त्यात तथ्य आहे: दोन रांगा जिथे एकत्र येतात तिथे पासवाल्यांना जास्त सोडतात, म्हणून साध्या रांगेतल्याचा वेळ खरोखरच वाढतो. पण आपली म्हातारी माणसं थंडीत थांबलेली असताना हे तत्त्व कोणाच्या जिवावर पाळायचं? त्या तत्त्वाची किंमत दादाने नाही, आईने मोजली. मी तुम्हाला सांगेन, सगळ्या राइडचा पास घेऊ नका, मुलाला ज्याची सर्वांत जास्त ओढ आहे त्या एका-दोन राइडचा सुटा पास मिळत असेल तर तेवढाच घ्या. तोही त्याच दिवशी, राइड चालू आहे हे डोळ्यांनी बघून.

एकट्याने बसणाऱ्यांची वेगळी रांग कुठे कुठे असते, ती भराभर सरकते, पण सात वर्षांच्या मुलाबरोबर तिचा उपयोग नाही. तुम्ही आणि तुमच्या घरचे दोघंही मोठ्या राइडला जाणार असाल तर आळीपाळीची सोय विचारा: एक जण मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. बऱ्याच मोठ्या पार्कांत ही सोय आहे आणि ती फुकट आहे. त्यामुळे मुलाला सांभाळायचं कामही आजी-आजोबांवर पडत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. मुलाची उंची निघायच्या आधी मोजा. पॅरिसच्या पार्कमध्ये बिग थंडर माउंटन या कोस्टरला १०२ सेंटिमीटर लागतात आणि हायपरस्पेस माउंटन या दुसऱ्या कोस्टरला १२०, म्हणजे सात वर्षांचं मूल दुसऱ्या ठिकाणी नेमकं काठावर. तासभर रांग लावून पट्टीपाशी परत पाठवलं तर ते पोर दिवसभर रडेल. आणि तुम्ही लिहिलंय तशी शून्याजवळची नाही, तर बेताचीच, बारा-पंधरा अंशांची थंडी निघाली, तर कोस्टरबद्दल मी लिहिलेलं बरंचसं तुम्हाला लागू होणार नाही, तिथे सकाळी मोठी राइड धरायला हरकत नाही. बाकाबद्दलचं मात्र लागू आहेच.

शिवाय आईबाबा राइडमध्ये बसणार नाहीत हे त्यांनी सांगितलं की तुम्ही ठरवलं, ते एकदा विचारा. हृदयाचा, पाठीचा त्रास असेल तर कोस्टर नको, हे उघड आहे. पण होडीची, सावकाश सरकणारी राइड जमू शकते. प्रत्येक राइडच्या पाटीवर कोणी बसू नये ते लिहिलेलं असतं, ते वाचा. चालत्या पट्ट्यावरून चढायची भीती वाटत असेल तर चढायच्या आधी तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा. वेग कमी करतात, बऱ्याच ठिकाणी पट्टा पूर्ण थांबवतातही.