जुन्या जिप्सीला पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स टाकला तर गाडी रस्त्यावर सरळ राहील का?

तुमची जिप्सी किंग २००१ची, स्टिअरिंग सैल, वर्धा रोडवर ७०च्या वर डुलते आणि म्हणून पॉवरचा बॉक्स (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणारी गिअरची पेटी) टाकायचाय. पॉवरनं स्टिअरिंग हलकं होईल, सैलपणा तसाच राहील. आधी प्ले, म्हणजे हा सैलपणा, कुठे आहे ते शोधा.

चाकं सरळ, इंजिन बंद. एकानं स्टिअरिंग दोन्हीकडे थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्यानं खालून बघायचं. पिटमन आर्म (बॉक्समधून बाहेर आलेला, डुलणारा दांडा) उशिरा हलतो? मग दोष बॉक्सचा, नाहीतर स्टिअरिंगच्या शाफ्टवरच्या रबर कपलिंगचा. आर्म हलतो पण चाक थांबून हलतं? ड्रॅग लिंक (आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) किंवा टायरॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) यांचे एंड, म्हणजे टोकाचे सांधे, गेले. बॉक्सच फ्रेमवर हलत असेल तर बोल्ट बघा, आणि बोल्टभोवती फ्रेमला तडा आहे का तेही. मोठे टायर घातलेल्या गाड्यांत हे होतं. मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. आवाज थांबला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं तो पिन) बेअरिंग.

दोष बॉक्समध्येच निघाला तर ड्रॅग लिंक सोडवा, बॉक्सवरच्या ॲडजस्टिंग स्क्रूचा लॉकनट सैल करा आणि चाकं सरळ असताना स्क्रू एक अष्टमांश फेराच आवळा. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे बॉक्स मध्यावर जास्त झिजतो. तिथला प्ले संपेपर्यंत आवळत गेलात तर कडेला तो जाम होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. असा बॉक्स बदलायचाच. सील गळतं म्हणून त्यात ग्रीस भरणारे मेकॅनिक भेटतील. भरू देऊ नका. बाजूला सरलेलं ग्रीस बॉक्समधल्या स्टीलच्या गोळ्यांपर्यंत परत येत नाही. सील बदला, ९० नंबरचं गिअर ऑइल घाला.

पेंच-उमरेडच्या सफारीतून निघालेल्या गाडीचा बॉक्स स्वस्तात मिळाला तरी शाफ्ट हातानं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. कुठे दाणेदार लागला तर सोडा.

बसवताना पिटमन आर्मवर खूण करा आणि तो पुलरनंच काढा, हातोड्याचे ठोके थेट बेअरिंगवर जातात. एकूण फेरे मोजून बॉक्स बरोब्बर मध्यावर आणा, मग चाकं सरळ होतील तेवढी ड्रॅग लिंकची लांबी ठेवा. स्टिअरिंग वाकडं दिसतं म्हणून नुसतं स्टिअरिंग व्हील उपसून सरळ बसवायची सवय इथे नडते: बॉक्सचा घट्ट बिंदू फक्त मध्यावर असतो, तो सुटला की सरळ रस्त्यावर पुन्हा प्ले. शेवटी टो-इन (पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कोन) करून घ्या.

एवढं करूनही पार्किंगला हात दुखत असतील तर पॉवर जरूर लावा. बॉक्स उजव्या स्टिअरिंगचाच आणि पिटमन आर्म जुन्याच दिशेनं फिरवणारा हवा. तेलाच्या पंपाचा ब्रॅकेट, पुली, होज (तेलाचे पाइप) वेगळे लागतात. होज सायलेन्सरच्या पाइपापासून लांब न्या. कॉलमवर (स्टिअरिंगच्या शाफ्टवर) बसणारं इलेक्ट्रिक पॉवर किट सोपं पडतं, फक्त त्याला बॅटरीवरून स्वतंत्र जाड वायर आणि फ्यूज द्या, आणि अल्टरनेटर धड आहे का ते आधी तपासा.

स्प्रिंग उचलून गाडी उंच केली असेल तर मात्र यातलं काहीच पुरेसं नाही. ड्रॅग लिंक तिरकी होते आणि प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग ओढलं जातं.