तुरटीच्या पाण्याने आतून धुते, आता आग होते

*ताई, लग्नाला आठ महिने झालेत. माझ्या अंगावरून पांढरं जातं. सासूबाई म्हणतात, त्याने हाडं झिजतात, म्हणून तुला सारखा थकवा येतो. एका रीलमध्ये बघून महिनाभर तुरटीच्या पाण्याने आतून धुतेय, शिवाय एक सुगंधी वॉशही मागवला. आता खाज सुटते, लघवीला गेलं की आग होते. दुसऱ्या व्हिडिओत दही लावायला सांगितलंय. लावू का? – स., कराड*

स., दही जेवणात घे, तिथे नको. आणि तुरटी, वॉश दोन्ही आजपासून बंद.

योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू मुळातच राहतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे पाळी येण्याच्या वयात तिथला सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ३.८ ते ४.५ असतो. या आंबटपणात बाकीच्या जंतूंना सहजासहजी हातपाय पसरता येत नाहीत. तुझ्या काळ्या निकरवर मधोमध फिकट, तांबूस डाग पडत असेल बघ. त्या आम्लाने कापडाचा रंग उडतो. बऱ्याच मुली तो डाग रोगाचा समजून निकर लपवून वाळत घालतात, पण तो निरोगीपणाचाच आहे. आतून पाणी मारलं की हे जिवाणू धुऊन जातात आणि वास मारणाऱ्या जंतूंना मोकळं रान मिळतं. तुरटीने तर आतली नाजूक त्वचा कोरडी पडते, चिरते. तुझी आग बहुधा त्याचीच आहे, पण लघवीचा संसर्गही असू शकतो, म्हणून लघवी तपासून घे.

आतला भाग स्वतःच स्वच्छ होत असतो. बाहेरून साधं पाणी पुरे. थोडा आंबूस वास असणारच. फुलांचा वास यायला हवा, हे वॉश विकणाऱ्यांचं म्हणणं. यांनीच एकेकाळी तिथली त्वचा गोरी करून देण्याची जाहिरात केली होती!

दह्यातले जिवाणू त्याच घराण्यातले, पण दुधात वाढणारे. योनीमार्गात ठाण मांडणारे नव्हेत. लसणाची पाकळी, कडुनिंबाचा पाला हेही कुणी सांगेल. नाही म्हण.

आता सासूबाईंच्या हाडांचं. त्या पांढऱ्या पाण्यात गर्भाशयमुखाचा चिकट स्राव आणि झडलेल्या पेशी असतात, हाडातलं काही नसतं. दोन पाळ्यांच्या मध्यावर ते पातळ, तार सुटेल असं होतं, नंतर घट्ट होतं. थकवा मात्र खोटा नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. तुझं हिमोग्लोबिन किती आहे, ते आधी बघ.

रंग हिरवट-राखाडी झाला, माशासारखा वास आला किंवा कवड्या पडून खाज सुटली, तर तो आजार. खाज तुला आहेच, तेव्हा या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. ताप किंवा ओटीपोटात दुखत असेल तर त्याच दिवशी. मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या घेऊ नकोस: बुरशीचं औषध वेगळं, जिवाणूंचं वेगळं, आणि दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर काही गोळ्या चालतच नाहीत. जाण्याआधी दोन दिवस आत काही लावू नकोस. तुरटीचं मात्र डॉक्टरांना सांग, लाजू नकोस; त्यांनी याहून अजब उपाय ऐकलेले असतात. तपासताना स्त्री डॉक्टर किंवा नर्स सोबत हवी असेल तर तसं माग.

ट्रायकोमोनासचा, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एका परजीवीचा, संसर्ग निघाला तर नवऱ्यालाही औषध घ्यावं लागेल, त्याला काही त्रास नसला तरी. म्हणून दवाखान्यात त्यालाच बरोबर ने. सासूबाईंना रक्ताचा रिपोर्ट दाखव.

– ताई