कोळशाच्या मातीत खापरं आणि हाडं घालताय ना?

ताई, कुंडीत टेरा प्रेटासारखी, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या कोळसा मिसळलेल्या काळ्या सुपीक मातीसारखी माती करायची म्हणताय, तर आधी सांगा कोळसा मुरवून घातलात का? कोरा कोळसा सुरुवातीला मातीतलं नत्र (नायट्रोजन) स्वतःच धरून बसतो आणि रोपं पिवळी पडतात, माझी अख्खी मिरची अशीच गेली. जीवामृतात (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं पाणी) नाहीतर शेणाच्या स्लरीत 15 दिवस भिजवा, मगच मातीत.

खापरं बिनग्लेझची घ्या, फुटकी मडकी, कुंड्या, जुनी कौलं. चिनीमातीचे कप आणि रंगवलेल्या पणत्या नकोत, काही रंगांत शिसं असतं. गोणपाटात गुंडाळून हातोडीनं वाटाण्याएवढे तुकडे करा. त्यात खत असं फारसं नाही पण पाणी धरतं, जुनी कुंडी उलटी केली की बघा, मुळं खापराला कशी घट्ट चिकटलेली असतात, मला ते बघायला फार आवडतं.

हाडं स्फुरद (फॉस्फरस) आणि कॅल्शियमसाठी. कच्ची पुरू नका, कुत्री उकरतात. मटणाची हाडं उकळून वाळवा, झाकणाला भोक पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात भरून चुलीत ठेवा, धूर थांबला की काढा आणि गार झाल्यावर खलबत्त्यात कुटा. कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीत हे मस्त लागू पडतं, पण देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत हाडांतला स्फुरद नीट सुटतच नाही, तिथे सरळ शेणखत वाढवा.

आणि अ‍ॅमेझॉनमधल्या टेरा प्रेटाचे फोटो बघून लगेच तसल्या काळ्याभोर मातीची अपेक्षा धरू नका, तिथे कोळसा, खापरं, माशांचे काटे असा घरचा कचरा शेकडो वर्षं पडत होता. तुम्ही यंदा दोनच कुंड्यांत करा, एक कुंडी साधी ठेवा शेजारी.