चौकीवर विश्वास नसेल तर एमडी (मेफेड्रोन) या ड्रगच्या विक्रीची तक्रार कुठे करावी?

पेठेतल्या वाड्यात एक पोरगा एमडी विकतो अशी कुजबुज, आणि चौकीत हप्ता पोचतो म्हणून सगळे गप्प, असं तुम्ही लिहिलंय. शंका हवेतली नाही. २०२३ मध्ये ड्रग्ज प्रकरणातला कैदी पुण्याच्या ससून रुग्णालयातून पळाला, तेव्हा बंदोबस्तावरचे पोलिसच निलंबित झाले होते. चौकीत जाऊच नका. केंद्राच्या १९३३ या ड्रग्जविरोधी हेल्पलाइनवर नाव न सांगता कळवता येतं. खबर कुणाची, हे सांगायची सक्ती एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६८ नुसार अधिकाऱ्यावर करता येत नाही. हप्त्याच्या तक्रारीसाठी लाचलुचपतवाल्यांचा नंबर १०६४. पाहिलंय तेवढंच सांगा: जागा, वेळ, गाडीचा नंबर. लाल डोळे आणि रात्रीची जाग्रणं हा पुरावा नव्हे. एमपीएससीवाली निम्मी पोरं तशीच दिसतात.