भयपटाचं नाव: दारात नाही, पाण्यात

प्रश्न: आम्ही म्हापशाचे पाच विद्यार्थी बारा मिनिटांचा भयपट करतोय. रात्री मानशीवर (मानस म्हणजे खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार) जाळं लावायला गेलेल्या मुलाची गोष्ट आहे. पाणी ओसरलं तरी मानशीचं दार उघडत नाही. बुडून मेलेल्या भावाने ते धरून ठेवलंय, हे नवव्या मिनिटाला कळतं. ‘भयाण रात्र’, ‘मानशीवरचा देवचार’ की ‘मानस’?

उत्तर: ‘भयाण रात्र’ आधी खोडा, ते कुठल्याही भयपटावर चिकटेल. ‘देवचार’ची अडचण वेगळी. गोव्यात कितीतरी गावांत देवचार हा राखणदार, त्याला रोट आणि विडी देतात. नावात तो आला की प्रेक्षक शेवटपर्यंत त्याचीच वाट पाहणार, आणि तुमच्या गोष्टीत तर तो नाहीच. शिवाय त्याला मानणारी माणसं उगाच दुखावतील.

‘मानस’ बरंच जवळ आलंय. पण पुण्याच्या प्रेक्षकाला मानस म्हणजे मन. तो मनोविकाराची गोष्ट समजून बसेल. स्पर्धेच्या अर्जावर रोमन लिपीत लिहिलंत, तर कुणी ‘माणस’ही वाचेल.

आमच्या मते नाव पाण्यात शोधा. भरतीच्या दाबाने मानशीची लाकडी दारं आपोआप मिटतात, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. तुमची सगळी भीती हा नियम मोडण्यात आहे. म्हणून ‘सुकती’. इथला रोजचा शब्द, पण नवव्या मिनिटानंतर तोच अंगावर येईल. समुद्रापासून लांबच्या प्रेक्षकाला हा शब्द कदाचित माहीत नसेल, तेव्हा पहिल्याच मिनिटात आईच्या तोंडी एक वाक्य घाला: ‘सुकती लागली, दार उघडलं, की जाळं ओढ आणि घरी ये.’ शब्दही कळला, नियमही.

चित्रपटाच्या नावाला कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलंय. तरी यूट्यूबवर शोधून घ्या. त्याच नावाची गाजलेली फिल्म असेल, तर तुमची खाली गाडली जाईल.

अक्षरांना रक्ताचे ओघळ मात्र देऊ नका. ‘सु’चा उकार त्यात हरवतो आणि उरतं ‘सकती’. पोस्टर फोनवर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा, उकार आणि वेलांटी दोन्ही दिसायला हव्यात. नावाची पाटी आईच्या वाक्यानंतर लगेच घ्या: काळा पडदा, चार सेकंद, संगीत नको, फक्त फळ्यांवर आपटणारं पाणी.